तारेची रापण

४ डिसेंबर २०२३ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या वर्षी नौदल दिन आमच्या दारात आला होता. समोर लढाऊ जहाजांची रांग, डोक्यावरून विमानं, हेलिकॉप्टरातून दोरावर लटकत उतरणारे मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो. पुतण्या अकरा वर्षांचा. सकाळपासून माझी जुनी टोपी घालून मिरवत होता. आपला काका 'नेव्हीतला' हे त्याने आजूबाजूच्या निदान चार अनोळखी कुटुंबांना सांगून झालं होतं. मग त्याने तो प्रश्न विचारला.

"काकानू, तुमचा जहाज ह्यातला खयचा?"

मी रांग नीट बघितली. डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितली, जणू कोपऱ्यात कुठे दिसेल. "ह्यात नाय रे," म्हटलं. "मगे खय आसा?" "मोडला." त्याचं तोंड उतरलं. शेजारच्या चार कुटुंबांसमोर त्याची पंचाईत झाली असावी.

त्याला तिथे सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. जहाजाचं नाव लिहिणार नाही. ते त्या बारा बहिणींपैकी एक होतं एवढंच सांगतो: पाँडिचेरी, पोरबंदर, बेडी, भावनगर, अलेप्पी, रत्नागिरी, कारवार, कन्नानोर, कडलूर, काकीनाडा, कोझिकोड आणि कोकण. पाणसुरुंग शोधून काढणारी ही जहाजं १९७८ ते १९८८ या दहा वर्षांत सोव्हिएत युनियनमधून आली. विनाशिकांना दिल्ली, मुंबई, मैसूर असली भारदस्त नावं, आणि आमच्या वाट्याला किनाऱ्यावरची गावं. मला तेव्हाही त्यात कमीपणा वाटला नाही. सुरुंग पेरले जातात ते बंदराच्या तोंडाशी, मग ते काढणाऱ्या जहाजांना बंदरांचीच नावं हवीत.

पण पोस्टिंग मिळालं तेव्हा मात्र रडकुंडीला आलो होतो, हे कबूल करतो. १९९०ला भरती, ओडिशातल्या चिल्काला ट्रेनिंग, मग सहा वर्षं मोठ्या जहाजांवर. १९९६ सालच्या शेवटी कागद आला: माइनस्वीपर, म्हणजे सुरुंग झाडून काढणारं जहाज. बॅचचे लोक हसले. एक जण म्हणाला, "जा, समुद्राला झाडू मार." मुंबईच्या नौदल गोदीत लायन गेटमधून आत शिरून धक्क्यावर गेलो तर दोन मोठ्या जहाजांच्या आडोशाला हे उभं होतं. लांबी ६१ मीटर, वजन आठशे टनांच्या आसपास, आम्ही ऐंशीएक माणसं. ताणलं तर सोळा नॉट वेग. पाण्याखाली जेमतेम तीन मीटर अंग, त्यामुळे जरा लाट आली की डोलायला लागायचं. डोलायचं म्हणजे कसं, तर जेवताना एका हाताने ताट धरायचं आणि दुसऱ्या हाताने शेजाऱ्याचं. व्हॉल्व्ह आणि स्विचांवर रशियन अक्षरं. आधीच्या लोकांनी त्यावर पिवळ्या रंगाने इंग्रजी लिहून ठेवलेलं. काही ठिकाणी ते चुकलेलंही होतं आणि नव्या माणसाला ते तोंडीच समजावून द्यावं लागे.

पहिल्याच महिन्यात माझी विळी पकडली गेली.

आम्ही कोकणातले तिघे जण होतो आणि गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, मासे कापायच्या सुरीवर आमचा विश्वास नव्हता. सुट्टीवरून येताना मी घरची जुनी विळी, आमच्याकडे तिला आडाळो म्हणतात, गोणपाटात गुंडाळून आणली. दोन आठवडे सुरमईचे तुकडे कसे देखणे पडत होते! मग डिगॉसिंगच्या, म्हणजे जहाजाचं चुंबकत्व मारायच्या, मोजणीची तारीख आली. जहाज एका ठरावीक जागेवरून पुन्हा पुन्हा न्यायचं, आणि पाण्याखाली बसवलेली उपकरणं त्याची चुंबकीय सावली मोजणार. त्याआधी जहाजभर शोधाशोध: लोखंडी ट्रंका, व्यायामाची वजनं, कुणाची तरी सायकलची चेन. बफर, म्हणजे डेकवरचा मुख्य चीफ, गॅलीतून माझी विळी हातात धरून बाहेर आला. "ये किसका हथियार है?"

मी वाद घातला. दोन भलीमोठी डिझेल इंजिनं, पुढेमागे तोफा, आणि तुम्हाला माझी विळी टोचते? तो माणूस चिडला नाही. डब्यावर बसवून समजावलं. जहाजाचा सांगाडा कमी चुंबकीय पोलादाचा. इंजिनं आणि तोफा लोखंडी आहेतच, पण त्या कुठे आहेत हे ठाऊक आहे, म्हणून जहाजाच्या अंगात गुंडाळलेल्या तारांतून तेवढीच उलटी वीज सोडून त्यांचं चुंबकत्व मारता येतं. आज मोजलं आणि उद्या कुणी काही हलवलं, आणखी काही आणलं, की हिशेब चुकला. एका विळीने चुकत नाही. ऐंशी जणांच्या ऐंशी विळ्यांनी चुकतो. तळाशी पडलेला सुरुंग नेमक्या त्या चुकलेल्या हिशेबाचीच वाट बघत असतो.

विळी किनाऱ्यावर गेली. मोजणी झाल्यावर ती परत मागायचं धाडस मला झालं नाही. आईला बरीच वर्षं मी ती हरवली असंच सांगत होतो.

आता खरं काम. मला ते शिकायला सहा महिने लागले आणि बाबांना समजवायला पाच मिनिटं. बाबा रापणीवरचे. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी: होडीतून अर्धगोल फिरत जाळं समुद्रात सोडायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही बाजूंनी तीस-चाळीस माणसं ते ओढत आणतात. जाळ्याचं वरचं टोक तरंगतं ठेवायला बोये, खालचं तळाला धरायला वजनं.

सुट्टीत ओसरीवर बसून सुतळीने दाखवलं. जहाजाच्या मागून पोलादी तार सोडतो. तिला खाली दाबून धरायला एक पंख्यांचं अवजड धूड, त्याला काईट म्हणतात. पतंगासारखंच, फक्त वर जायच्या ऐवजी खाली जातं. तारेच्या दुसऱ्या टोकाला तसलंच धूड, ऑटर, ते तारेला बाजूला खेचतं. आणि ऑटर बुडू नये म्हणून त्याच्या डोक्यावर एक फ्लोट. जहाज आठ-नऊ नॉटने पुढे चाललं की तार पाण्याखाली ठरलेल्या खोलीवर कमानीसारखी पसरते. सुरुंग तळाशी वजनाला बांधलेला असतो आणि दोरावर फुग्यासारखा मध्ये तरंगत असतो. आमची तार त्या दोराला घासत जाते, तारेवर जागोजागी कटर बसवलेले असतात, त्यातल्या एकात दोर अडकला की कापला. सुरुंग सुटून वर येतो. मग लांबून त्याच्यावर गोळ्या झाडायच्या.

बाबा म्हणाले, "म्हणजे रापणच मगे ती."

"रापणच. पण तारेची."

"आणि काय गावता?"

"बहुतेक वेळा काय नाय."

बाबांनी सुतळी खाली ठेवली. "मासो नाय गावलो की तुमी खूश? ता कसला काम!"

या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी देऊ शकलो नाही.

अर्थात सगळेच सुरुंग दोराला बांधलेले नसतात. तळावर चिखलात पडून राहणारे जास्त वाईट, कारण त्यांना तार लागतच नाही. ते ऐकतात: जहाजाचं चुंबकत्व, पंख्याचा आवाज, वरून जाताना पाण्याचा बदलणारा दाब. त्यांच्यासाठी वेगळी सोय. पाठीमागे जाडजूड केबल सोडून तिच्यातून प्रचंड वीज न्यायची, म्हणजे सुरुंगाला वाटावं की मोठं जहाज आलं. आवाज करणारं यंत्र ओढत न्यायचं. दाबाचं सोंग मात्र आणता येत नाही, निदान आम्हाला येत नव्हतं. वर काही सुरुंगांत मोजणी असते. पहिली पाच जहाजं जाऊ दे, सहाव्याला फूट, असं त्याला सांगून ठेवता येतं. म्हणून एकाच पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा जायचं. सकाळी आठला जिथून गेलो तिथूनच दुपारी तीनला अकराव्यांदा जायचं आणि तरीही दर खेपेला पहिल्या खेपेइतकंच सावध राहायचं. कंटाळा हाच आमचा मोठा शत्रू होता आणि त्याच्यावर तोफ चालत नाही.

पट्टे अगदी शेतात नांगर चालवावा तसे. एक पट्टा झाला की शेजारी दुसरा, थोडासा पहिल्यावर चढवून, मध्ये रेघ राहता कामा नये. मागच्या जहाजाला हद्द कळावी म्हणून झेंडे लावलेले डॅन बोये सोडत जायचे. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, दर मिनिटाला प्रॉन्ग्सचं दीपगृह, खांदेरीचं दीपगृह, अजून एखादी खूण अशा दिशा (बेअरिंग) घेऊन नकाशावर टिंबं. वळताना तार सैल पडू द्यायची नाही, ताणूही द्यायची नाही. विंचवरच्या, म्हणजे तार सोडायच्या-गुंडाळायच्या यंत्रावरच्या, माणसाला तारेचा आवाज कळायला लागतो. ताण वाढला की ती आधी गुणगुणते, मग किंचाळते. किंचाळली की डेकवर आडवं पडायचं, उभं राहून काय झालं ते बघायचं नाही. बफरचा हा एकच नियम होता आणि तो दिवसातून दहा वेळा ओरडायचा: "तार से दूर, बच्चे, तार से दूर." एकदा ती खरंच तुटली. माझ्या डोक्यावरून गेली आणि डेकच्या कठड्यावर तिने जी खाच पाडली, ती पुढे रंग दिला तरी बोटाला लागायची. नवा पोरगा आला की आम्ही त्याचं बोट त्या खाचेवर ठेवायचो. तेवढं प्रशिक्षण पुरे व्हायचं.

सरावासाठी खोटे सुरुंग टाकले जायचे. आत स्फोटकं नाहीत, बाकी आकार-वजन सारखं. कुणी तरी रात्री नेऊन टाकणार, आपण दिवसा शोधायचे. पहिल्यांदा कटर लागला तो क्षण मला आठवतो. काहीच आवाज झाला नाही. तारेचा सूर अर्धा क्षण बदलला एवढंच. पाच-सात श्वास गेले असतील आणि मग मागे, बरंच मागे, पाण्यातून एक काळं गोल डोकं वर आलं. शेवाळ लागलेलं, हलत, डुलत. डेकवर सगळे ओरडले. नारळ तरंगत यावा तसं दिसत होतं, आणि खोटं आहे हे माहीत असूनही पोटात खड्डा पडला.

आणि एकदा खोटा सुरुंग सापडलाच नाही. चार टाकले, तीन मिळाले. कागदावर ज्या जागी असायला हवा होता तिथे नव्हता. दोन दिवस आम्ही आपलीच वस्तू शोधत फिरलो. सोनारवाला, म्हणजे आवाजाने पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रावरचा माणूस, डोळे चोळत म्हणाला, "साहेब, तळाला एक फ्रिज आहे, एक नांगर आहे, टायर आहेत. सुरुंग नाही." हेही आमचंच काम होतं, बरं का. शांततेच्या काळात जहाजांच्या वाटेवर तळाला काय काय पडलंय त्याची यादी करून ठेवायची. लढाईच्या दिवशी सोनारवर दिसलेली वस्तू जुन्या यादीत असेल तर पुढे जा, नसेल तर थांब. मुंबईच्या तोंडाशी माणसांनी समुद्रात काय काय टाकलंय हे मला त्या यादीतून कळलं आणि तेव्हापासून गणपती विसर्जनाच्या वेळी मी जरा गप्प असतो. तो चौथा सुरुंग आठवड्याने एका ट्रॉलरच्या जाळ्यात आला. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, तो भीतभीत ससून डॉकला आणला आणि तिथे जी धावपळ झाली म्हणतात, ती मी बघितलेली नाही.

मच्छीमारांवरून आठवलं. सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच.

रायगडच्या किनाऱ्याबाहेर पट्टे मारत होतो. तिकडचे कोळी डोल लावतात. तोंड भलं रुंद आणि शेपटीकडे निमुळतं होत जाणारं जाळं, तळाशी पक्कं बांधलेलं, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपसूक आत शिरते. वर फक्त बोये दिसतात. त्या दिवशी पाण्यावर धुकं होतं, बोये उशिरा दिसले, आणि ६१ मीटरचं जहाज मागे काही शे मीटर तार घेऊन चाललेलं असताना ब्रेक मारता येत नाही. तारेचा सूर बदलला. कटर लागला होता. मग दुसरा. सगळे मागे बघत राहिलो की आता काळं डोकं वर येईल.

वर आलं ते जाळं.

आमच्या कात्रीने सुरुंगाचा दोर आणि कोळ्याचा दोर यात फरक केला नव्हता. दोन डोली सुटल्या होत्या, एक वाहत चालली होती आणि एक आमच्या ऑटरला गुंडाळून बसली होती. अर्ध्या तासात तीन होड्या आल्या. पुढच्या होडीतले म्हातारे तांडेल उभे राहून बोलत होते. त्यांची बोली वेगळी, माझी वेगळी, पण ते काय म्हणत होते ते कळायला बोली लागत नव्हती. कॅप्टनने मला पुढे केलं: "तू बोल, तू तिकडचा आहेस." बाकी डेकवर हरियाणा, केरळ, बिहार.

मी म्हटलं, "दादा, चूक झाली. साहेब कागद देतायत, नुकसानीचा."

म्हातारे म्हणाले, "कागद काय, डोलीला बांधू?"

याला उत्तर काय देणार? ऑटर वर घेतला. बफरने चाकू काढला. लोखंडाला पाच पदरी गुंडाळलेलं जाळं, कापून काढणं दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, "चीफ, एक घंटा दो." त्याने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे, मग होडीतल्या म्हाताऱ्यांकडे. "आधा," म्हणाला. मी आणि देवगडचा माझा सोबती मांडी घालून बसलो आणि गाठ गाठ करून ते जाळं सोडवायला लागलो. लहानपणी बाबा फाटकं जाळं समोर टाकायचे आणि ते सरळ होईपर्यंत उठू द्यायचे नाहीत, ती विद्या पंधरा वर्षांनी कामाला आली. अर्ध्याचा दीड तास झाला. कुणी हाक मारली नाही. एक बिहारी पोरगा न सांगता येऊन शेजारी बसला आणि मी दाखवीन तो पदर धरून राहिला. जाळं दोन-तीन ठिकाणी फाटलं, पण डोल म्हणून वाचलं.

ते होडीत उतरवलं तेव्हा तांडेलांनी माझ्या बोटांकडे बघून विचारलं, "कुठला तू?" "मालवणचा." "घरी काय, रापण?" "होय." ते काही बोलले नाहीत. होडी वळली. तासाभराने त्यातलीच एक परत आली आणि ओल्या फडक्यात बांधलेले बोंबील वर फेकून निघून गेली. कोळ्यांचं जाळं आम्ही तोडलं आणि त्या रात्री बोंबील आम्ही खाल्ले, हे मला आजही नीट गिळता येत नाही. दुसऱ्या डोलीचं काय झालं, त्या कागदाचं पुढे काय झालं, ते मला कधी कळलं नाही.

वर्गात शिकवलेलं बरंच विसरलो, काही गोष्टी राहिल्या. एक, पहिल्या महायुद्धात 'वोल्फ' नावाचं जर्मन जहाज व्यापारी जहाजाच्या वेशात जर्मनीतल्या कील बंदरातून निघालं आणि फेब्रुवारी १९१७मध्ये कोलंबो आणि मुंबईबाहेर सुरुंग टाकून गेलं. पी अँड ओ कंपनीचं 'मंगोलिया' त्यातल्या एकावर आदळून बुडालं ते २३ जूनला, मुंबईच्या दक्षिणेला साधारण पन्नास मैलांवर. म्हणजे पेरणी थंडीत आणि पीक पावसाळ्यात. पेरणारा तोपर्यंत दुसऱ्या महासागरात पोचलेला. त्या काळी या भागात होड्या घालणाऱ्या कुणा पणजोबाला त्याचा पत्ता तरी असेल का, असं मला दर वेळी खांदेरी दिसली की वाटायचं.

दुसरी गोष्ट सांगताना आमचे शिक्षक हसू दाबायचे. जुलै १९८७, इराण-इराक युद्ध. कुवेतच्या टँकरांना संरक्षण द्यायला अमेरिकी युद्धनौका निघाल्या. पहिल्याच फेरीत 'ब्रिजटन' हा महाकाय टँकर सुरुंगावर गेला. त्याला भोक पडलं पण तो चालत राहिला. आणि मग संरक्षण द्यायला आलेल्या युद्धनौका त्या टँकरच्या मागे रांगेने निघाल्या, कारण दुसरा सुरुंग असलाच तर टँकर सोसेल, त्या सोसणार नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' ही फ्रिगेट सुरुंगाने जवळजवळ मोडली. तो सुरुंग ज्या नमुन्याचा होता तो नमुना १९०८ सालचा. माझ्या आजोबांच्याही आधीचा.

सुरुंग काढणारी जहाजं लढत नाहीत असंही नाही. नोव्हेंबर १९४२मध्ये 'बेंगाल' या आपल्या छोट्या सुरुंगविरोधी जहाजाने, एका डच टँकरला सोबत करताना, कितीतरी मोठ्या दोन जपानी जहाजांशी झुंज दिली. त्यातलं एक जपानी जहाज बुडालं, बेंगाल आणि टँकर दोघंही वाचले. ही गोष्ट आमच्या मेस डेकवर, म्हणजे खलाशांच्या राहण्या-जेवण्याच्या जागेत, प्रत्येक नव्या माणसाला ऐकावी लागे. त्याचं बोट खाचेवर ठेवून झाल्यानंतर.

एरवी आमची नेमणूक काय असायची? सराव नसेल तेव्हा गस्त. ओखा, पोरबंदर, बॉम्बे हायच्या तेलविहिरी, कधी कोची. जहाजाचं पाण्याखालचं अंग कमी म्हणून कुठेही पाठवता येतं आणि कुणाला हेवा वाटत नाही. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. समुद्र, चहा, परत समुद्र.

१९९९चा मे मात्र वेगळा होता. कारगिलची बातमी वर डोंगरातली, पण नौदलाने 'ऑपरेशन तलवार' सुरू केलं आणि धक्क्यावर माणसं धावायला लागली. मोठी जहाजं दारूगोळा भरत होती. आमच्याकडे एक साधी ओळ आली: बंदराची वाट तपासा. शत्रूने सुरुंग टाकलेत अशी काही बातमी नव्हती. नाहीत अशी खात्रीही नव्हती. आणि ती खात्री करायची तर कुणीतरी त्या वाटेवरून आधी जायला हवं.

त्या पहिल्या सकाळी तार सोडताना कुणी विनोद केला नाही. लाइफजॅकेट सरावात आम्ही नेहमी ढिलं बांधायचो. त्या दिवशी सगळ्यांचं घट्ट होतं, बफरला सांगावं लागलं नाही. इंजिनरूममधल्या मोजक्या माणसांखेरीज बाकीच्यांना वर डेकवर ठेवलं, कारण स्फोट खालून होतो. खाली उतरणाऱ्या त्या चौघांकडे आम्ही बघितलं आणि त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. पट्टा एक. पट्टा दोन. प्रॉन्ग्स, खांदेरी, टिंब. ढग भरून येत होते, लाट मोठी होत चालली होती, पावसाआधी जितकं होईल तितकं करायचं होतं. मी विंचवर होतो आणि तारेचा आवाज कानाने नाही, दातांनी ऐकत होतो.

काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सोनारवर तळाशी एक गोल वस्तू दिसली जी यादीत नव्हती. जहाज थांबलं, डायव्हर उतरले, आणि सव्वा तासाने वर येऊन त्यातला एक म्हणाला, "सर, पानी की टंकी है. सिंटेक्स." हसायला हवं होतं. पण कुणाच्या तरी गुडघ्यांतलं बळ गेलं आणि तो डेकवर बसला. तो मी होतो.

मग एका संध्याकाळी मोठी जहाजं बाहेर पडली, आम्ही तपासलेल्या वाटेवरून, एकामागोमाग एक. आम्ही बाजूला थांबलो होतो. नियमाप्रमाणे मोठ्या जहाजाला आम्ही शिट्टीवर सलामी दिली, त्यांनी परत दिली. त्यांच्या डेकवर पोरं उभी होती, काही माझ्या बॅचची. झाडू मारायला जा म्हणणारा त्यात होता की नाही, अंधारात दिसलं नाही. त्यांनी खाली पाण्याकडे बघितलं नाही. सुरुंगाचा विचारही त्यांच्या मनात आला नसणार. तेव्हा मला ओसरीवरचे बाबा आठवले. ते खूश होण्याचं काम आहे का? त्या संध्याकाळी होतं.

२००५ला पेन्शन घेऊन घरी आलो. बाबा त्यानंतर सहा वर्षं होते. जहाजांना एकेक करून निरोप मिळत गेला. कारवार आणि काकीनाडा मे २०१७मध्ये मुंबईत निवृत्त झाली, आणि २०१९पर्यंत बारापैकी एकही उरलं नाही. त्यांच्या जागी बारा नवी जहाजं गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीच्या मदतीने बांधायची होती, बत्तीस हजार कोटींचा आकडा पेपरात येत होता. २०१८च्या सुरुवातीला ते बोलणं फिसकटलं. जुलै २०२५मध्ये संरक्षण खात्याच्या खरेदी परिषदेने एकूण एक लाख पाच हजार कोटींच्या प्रस्तावांना मान्यता दिली, त्यात सुरुंगविरोधी जहाजं आहेत. मान्यता म्हणजे गरज आहे हे कबूल करणं. जहाज पाण्यात उतरायला त्यानंतर किती वर्षं जातात हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी देवगडच्या सोबत्याचा फोन आला. आता म्हणे जहाज लांब उभं राहतं आणि पाण्यात यंत्रमानव सोडतात, माणूस सुरुंगाजवळ जातच नाही. चांगलं आहे. खालच्या त्या चौघांची आठवण असलेला कुणीही चांगलंच म्हणेल. "पण बंदरं तेवढीच आहेत ना," तो म्हणाला, "आणि मधली सात-आठ वर्षं?" मी म्हटलं, "तू जाळं सोडव, मी तार धरतो." दोघांची गुडघ्यांची ऑपरेशनं व्हायची आहेत.

पुतण्याचं राहिलं. नौदल दिनाच्या दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला, "तुमचा जहाज काढून दाखवा." काढलं. वीतभर जहाज, पुढेमागे तोफा; त्या त्याने स्वतः मोठ्या करून घेतल्या. मग मी मागे तार काढायला लागलो तर कागद संपला. दुसरा जोडला, तोही संपला. प्रमाण बरोबर ठेवायचं तर तार कागदावर मावणार नव्हती. मग खडू घेऊन दोघं खळ्यात उतरलो. तुळशीजवळ जहाज, तिथून तार निघाली ती विहिरीच्या कठड्यापर्यंत. काईटच्या जागी नारळ, ऑटरच्या जागी पाटा ओढत आणला, फ्लोट म्हणून त्याच्या डोक्यावरची माझीच टोपी. सुरुंग म्हणून त्याने चार सुपाऱ्या कुठे लपवल्या ते मला सांगेना. मी वाकून शोधत होतो तेवढ्यात वहिनी सुपात सुंगटं, म्हणजे कोलंबी, घेऊन बाहेर आली.

"ह्या काय चल्लाहा?"

"काकानू सुरुंग काढतत," पोरगा म्हणाला.

"मगे बेगीन काढा," वहिनी म्हणाली. "माका सुंगटां सुकत घालूची आसत."

तीन सापडल्या.